रेघेखालचा बर्फ

लिकानने दोन्ही बादल्या बाउदिलिओकाकांच्या उंबऱ्यावर अशा आपटल्या, की चुलीशेजारी निजलेलं कुत्रं भुंकायचंच विसरून गेलं.

"उचला," ती म्हणाली.

काकांनी हातातला माते-चहाचा पेला खाली ठेवला नाही. वाडीत कोणाच्या छपरावरचा बर्फ कोणी उतरवायचा, याच्या पाळ्या तेच लावत. "आधी दार लाव, पोरी. सगळा डोंगर घरात आणलास."

"उचला ना!"

त्यांनी पहिली बादली उचलली. आज पहाटेच पडलेला भुसभुशीत बर्फ. बादली रिकामी असल्यासारखी वर आली. दुसरीला हात घातला आणि त्यांचा खांदाच खाली ओढला गेला. पेल्यातला चहा विजारीवर सांडला.

"दगड भरलेस की काय यात?"

"एर्मिंदामावशीच्या छपरावरचा आहे, तळाचा. फावड्याने कापून काढावा लागला. दोन्ही बादल्या काठोकाठ आहेत, बघा. हासुद्धा पडला तेव्हा पिसासारखाच होता. मग दबला, मधे पाऊस प्यायला, परत गोठला, वर नवा येऊन बसला. नवा पडतो तेवढा जुना खाली बसतो, उंची वाढतच नाही, काका! वजन वाढतं! आणि तुम्ही सगळे खालून धुराड्याकडे बघून म्हणता, रेघ अजून लांब आहे!"

रेघ म्हणजे प्रत्येक धुराड्यावरचा लाल पट्टा. बर्फ तिथवर चढला की पाळीवाल्याने फावडं घेऊन यायचं. लिकान लहान असताना तिच्याच बाबांनी, ओस्वाल्दोने, घरोघरी चढून त्या रेघा ओढल्या होत्या. तेव्हा बर्फ पडला की त्याच सकाळी माणसं छपरांवर दिसत. आता ती पेवेन वृक्षांच्या झाडीपलीकडे, स्कीच्या हॉटेलात जात, पाहुण्यांच्या लाकडी बंगल्यांची छपरं झाडायला. वाडीच्या वाट्याला उरला रविवार.

"रेघ तुझ्या बापानेच तर..."

"बाबांची रेघ बरोबरच आहे! ताज्या बर्फाची आहे ती. त्याच दिवशी यायचं म्हणून ओढलेली. आठवडाभर मुरलेल्या बर्फाचं तिला काय कळणार?" तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "मावशीचं आढं करकरतंय. ती पलंग भिंतीशी सरकवून झोपते आणि मला सांगते, घर म्हातारं झालंय, बडबडतं. लाज नाही वाटत कोणाला? जे इथे नुसते घसरायला येतात, त्यांच्या डोक्यावर चिमूटभर बर्फ राहायला नको, आणि मावशीच्या डोक्यावर राहू दे खुशाल!"

"बस, बस. कान फाटले माझे." काकांनी जड बादली हळूच टेकवली आणि तिच्याकडेच बघत राहिले.

"पाळी कोणाची आहे? नाव सांगा. या बादल्या घेऊन आत्ता जाते त्याच्या दारात."

काका कुत्र्याचा कान खाजवू लागले.

"सांगा की! घाबरता काय त्याला?"

"तुमचीच," ते म्हणाले. "ओस्वाल्दो येऊन गेला परवा. म्हणाला, रेघ लांब आहे, रविवारपर्यंत चालेल. कामावर नाही गेलं तर हॉटेलवाले खाडा मांडतात."

लिकानने बादल्यांच्या कड्या धरल्या, सोडल्या.

"तुमचं फावडं द्या."

"एकटी चढणार?"

"शिडी धरायला तुम्ही आहात ना."

उन्हं कलली तेव्हा मावशीच्या छपराची अर्धी बाजू उघडी झाली होती, पत्रा काळाभोर दिसत होता. खाली मावशी ओरडत होती, "पडलीस तर भाकरी मिळायची नाही!" तेवढ्यात लोन्किमाय गावाकडच्या वळणावर हॉटेलची गाडी थांबली. ओस्वाल्दो उतरला, वर बघून जागीच उभा राहिला.

"लिकान! उतर खाली! रेघ अजून..."

तिने तळातला एक ठोकळा कापला आणि कडेवरून सोडून दिला. तो ओस्वाल्दोच्या पुढ्यात पडला. आवाज बर्फाचा नव्हता.

ओस्वाल्दो वाकला, ठोकळा दोन्ही हातांनी उचलून बघितला. मग हॉटेलचा निळा कोट काढून कुंपणावर टाकला आणि शिडी चढून आला. धुराड्यावरच्या आपल्या रेघेकडे त्याने पाहिलं नाही.

"दे ते फावडं."

"तुमचं आणा, बाबा," ती म्हणाली, आणि सरकून त्याला जागा केली.