शेळीच्या गळ्यातलं शहाणं घड्याळ

मी एक घड्याळ बोलतोय. पण वेळ इचारू नका, ती मला कधी नीट जमली नाय. त्यापेक्षा पैज लावा. माझ्या गोष्टीत शेवटी किंमत कोणी मोजली, ते आत्ताच ओळखा. पोरीनं? शेळीनं? बघू.

हितेश तारापूरच्या कारखान्यात कामाला. पहिली पाळी सुटली, जेवण झालं, की पाम गावच्या नाक्यावर अंधार पडेपर्यंत पत्त्यांचा डाव. लेक सपना शिकवणीवरून एकटी येते, म्हणून त्यानं मला बोईसरच्या बाजारातून आणलं. मी तिच्या मनगटावर बसायचं आणि ती कुठं हाय ते त्याच्या मोबाईलला कळवायचं.

मोबाईलनं आधी तिचं नाव, शाळा, जन्मतारीख, फोटो मागितला. मग हे एवढं लांब कायतरी दाखवलं.

"काय लिवलंय ते वाच तरी," त्याची बायको सोमी म्हणाली.

"वाचायला काय लग्नपत्रिका हाय?" हितेशनं 'मान्य' दाबलं.

वाचता मला पण येत नाय. चुगल्या मात्र झकास येतात. बापाला सांगायचो तेच कंपनीला, आणि कंपनी आणखी कुणाकुणाला.

सपना माझ्याहून हुशार. शाळा सुटली की मला शेजारच्या जिवल्याकाकाच्या शेळीच्या गळ्यात बांधायची. शिकवणीच्या वेळेला परत मनगटावर. आणि मी शहाणा, शेळीचं सगळं पोरीच्या नावावर सांगत बसलो.

एके दिवशी दुपारी अनोळखी बाईचा फोन आला. "तुमची सपना टेकडी काय भराभर चढते. आमच्या धावण्याच्या क्लासला घाला."

हितेशची छाती फुगली. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"सहाला शिकवणीवरून एकटीच निघते ना? आमचा माणूस तिला वाटेत भेटेल."

सोमीनं भाकर तव्यावरच सोडली. "तुमाला कसं कळलं?"

"घड्याळावरून, ताई."

सोमीनं फोन कापला. "आता पोर कुठं हाय, बघ."

हितेशनं बघितलं. "टेकडीवर."

सपना चुलीपाशी भाकर खात होती. "घड्याळ शेळीच्या गळ्यात हाय," ती म्हणाली.

"परक्या बाईला माज्या पोरीची वाट ठावं," सोमी म्हणाली, "आणि बापाला पोर कुठली, शेळी कुठली, ते नाय ठावं."

हितेशनं कंपनीला फोन लावला. तिथला पोरगा गोड बोलला. "कायदाच झालाय, सर. आईबाप हो म्हणाले तरच मुलांची माहिती घेता येते."

"मग घेतली कशी?"

"तुम्हीच मान्य केलंत."

"आता नाय मान्य. पुस सगळं."

"आमच्याकडचं पुसतो. पुढं गेलेलं पण पुसायला सांगतो."

त्यांनी पुसलं का, ते मला इचारू नका. मी शेळीला पोरगी म्हणणारा.

आता माझं तोंड बंद, मुक्काम कायमचा शेळीच्या गळ्यात. दुसऱ्या शेळीनं अर्धा पट्टा खाऊन बघितला, तिला चव आवडली नाय. जिवल्याकाका म्हणतो, शोभतंय.

शेळी म्हणालात? हरलात. रोज संध्याकाळी नाक्यावरून हाक येते, "हितेश, पानं वाटलीत रे." तो शिकवणीच्या वाटेनं जात असतो, सपनाला आणायला.

"माजी पानं दुसऱ्याला द्या," म्हणतो, आणि मागं बघत नाय.