तीन, एक, चार, दोन

उज्वला पावणेसहाला उठली. नळाला साडेसहापर्यंतच पाणी असे, म्हणून आधी तिने पिंप भरले, मग कणीक मळली. सात पोळ्या झाल्या. तीन डब्यात घातल्या, चार नवऱ्यासाठी झाकून ठेवल्या. सहा चाळीसला तिने स्कूटी बाहेर काढली. अंबडच्या कारखान्यांजवळच्या वळणावर रात्रपाळी सुटलेल्या बायका रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांतल्या अनवरीने तिला हात केला. अनवरीची मुलगी मेहविश उज्वलाच्या दुसरीच्या वर्गात होती. अनवरीच्या खांद्याला पिशवी होती आणि हातात कागदात गुंडाळलेले पाव होते. उज्वलाने मान हलवली, पण ती थांबली नाही. आज चाचणी होती.

शाळा सव्वासातला भरली. प्रार्थना झाली, हजेरी झाली, अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस. आठ वाजता दुसऱ्या शाळेतले रविराज सर परीक्षक म्हणून आले. प्रत्येक मुलाला चार चित्रे द्यायची, त्याने ती क्रमाने लावायची आणि गोष्ट सांगायची, अशी चाचणी होती. ज्यांना जमणार नाही त्यांची वेगळी तुकडी होणार होती. त्या तुकडीला वर्षभर गोष्टींचा तास नव्हता. मागच्या खोलीत बसून बाराखडी गिरवायची, एवढेच.

चित्रे साधी होती. एकात आई झोपलेली, एकात आई आणि मुलगी खात बसलेल्या, एकात खांद्याला पिशवी लावून दारात उभी असलेली आई, आणि एकात शाळेतली मुलगी.

पहिला मुलगा मुबीन. त्याने चित्रांकडे पाहिलेही नाही. ती उलटी केली, मागचे आकडे शोधले आणि मांडली : तीन, एक, चार, दोन. गोष्ट सांग म्हटल्यावर तो गप्प राहिला. रविराज सरांनी क्रमाचे पूर्ण गुण दिले आणि गोष्टीच्या रकान्यात 'लाजाळू' असे लिहिले. दुसरी मुलगी तशीच. तिसरा तसाच. अकराव्या मुलापर्यंत उज्वलाची मान खाली गेली होती. हे तिनेच शिकवले होते. मुख्याध्यापिका लताबाईंनी, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाईंनी, पंधरा दिवसांपूर्वी कुठून तरी त्या चित्रांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. गेल्या वर्षी शाळेचे नाव चाचणीच्या यादीत तळाला होते आणि यंदा ते तिथे दिसता कामा नये, असे त्यांनी बजावले होते. उज्वलाने तीन दिवस मुलांकडून टाळ्यांच्या ठेक्यावर आकडे घोकून घेतले. ज्या पुस्तकातली ती चित्रे होती, ते पुस्तक ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटात होते. मुलांनी हात लावला की पुस्तके फाटतात, असे मोठ्या बाईंचे म्हणणे. कपाट फक्त पाहुणे आले की उघडे.

त्या तीन दिवसांत मेहविश तापाने घरी होती.

तिचा नंबर शेवटचा होता. तिने चित्रे उलटी केली नाहीत. बराच वेळ ती पाहत राहिली. मग दारातली आई पहिली ठेवली, खाणे दुसरे, शाळा तिसरी, आणि झोपलेली आई शेवटी.

रविराज सरांनी गोष्ट सांगायला सांगितली. ती न अडखळता सांगू लागली.

"अम्मी कामावरून आली. तिनं पाव आणले. आम्ही चहात बुडवून खाल्ले. मग मी शाळेत आले. आता अम्मी झोपली असेल. बघा ना सर, खिडकीत ऊन आहे. ती उन्हातच झोपते."

सरांनी उत्तरसूची पाहिली, तीत आधी झोप, मग खाणे, मग दार आणि शेवटी शाळा होती, आणि क्रमापुढे शून्य लिहिले. गोष्टीचे गुण क्रमावर अवलंबून होते, म्हणून तिथेही शून्य. मेहविशने तो गोल आकडा पाहिला आणि उज्वलाकडे पाहिले. तिला काय चुकले ते कळत नव्हते.

उज्वलाची कानशिले तापली. अठ्ठावीस मुलांत गोष्ट सांगणारे एकच मूल निघाले होते आणि त्यालाच गोष्टींच्या तासातून उठवून मागच्या खोलीत पाठवले जात होते.

"सर, आई घरातून चाललीय की घरी आलीय, हे तुम्ही चित्रावरून कसं ओळखलंत?"

"मॅडम, मी परीक्षक आहे, वकील नाही," रविराज सर हसून म्हणाले. "आई सकाळी कामाला जाते. गंगापूर रोडच्या बंगल्यांतल्या पोरांना विचारा, तीही तेच सांगतील."

"ही पोरं अंबडची आहेत."

साडेदहाला चाचणी संपली. वर्गशिक्षिकेच्या सहीसाठी गुणपत्रक तिच्या टेबलावर ठेवून ते ऑफिसात चहाला गेले.

उज्वलाने पत्रक शेवटपर्यंत वाचले. तळाशी बारीक अक्षरांत छापले होते : वर्गशिक्षकाने लेखी आक्षेप नोंदवल्यास संपूर्ण वर्गाची नवीन चित्रांवर फेरचाचणी घ्यावी. ती ऑफिसात गेली आणि मोठ्या बाईंना आपण काय लिहिणार आहोत ते सांगितले. लताबाईंनी दार लोटून घेतले. शाळेचा निकाल, वरून येणारी विचारणा, उज्वलाची बढती, सगळे त्यांनी हळू आवाजात मोजून दाखवले.

"घोकून तुम्हीच घेतलंत ना? मग आता एकट्यानं हरिश्चंद्र व्हायचं ठरवलंय का?"

"मीच घेतलं, मोठ्या बाई. म्हणून मीच लिहिणार."

संताप लताबाईंवर होता, रविराज सरांवर होता, पण सर्वांत जास्त त्या टाळ्यांवर होता. तिच्याच हातांनी वाजवलेल्या. वर्गात परत येऊन तिने पेन उघडले. अक्षर नेहमीसारखे ठेवून लिहिले :

'सत्तावीस मुलांकडून चित्रांचे आकडे मी पाठ करून घेतले होते. त्यांचे गुण खरे नाहीत. मेहविश हिचा क्रम तिने सांगितलेल्या गोष्टीशी पूर्ण जुळतो. निकालास आक्षेप आहे. फेरचाचणी घ्यावी.'

खाली सही केली, तारीख घातली. पत्रक लखोट्यात घालून डिंकाने चिकटवले आणि ऑफिसात रविराज सरांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले. तिथल्या खिळ्यावर कपाटाची किल्ली लटकत होती. उज्वलाने ती काढली. लताबाई पाहत होत्या.

कुलूप गंजले होते, जरा जोर लावावा लागला. तिने वरच्या कप्प्यातली पुस्तके दोन्ही हातांवर घेतली आणि ती वर्गाकडे निघाली.