मशीनच्या सहा दिवसांची वाटणी

थोरल्याने पेचकस लावला आणि भिंतीतून मधल्या खोलीत जाणारी जाड वायर उपटून काढली. पलीकडे कटिंग मशीनची मोटर कण्हत कण्हत बंद पडली.

"आता काप पुठ्ठे दातांनी!" तो भिंतीकडे तोंड करून ओरडला.

आईने जाताना बाइंडिंगच्या तीन खोल्या तिघा भावंडांना दिल्या होत्या. दोन टोकांच्या खोल्या दोन भावांना, मधली बहिणीला. मशीनही तिलाच, कारण पंधरा वर्षं त्यावर तीच बसली होती. ते धूड हलवायचं तर भिंत पाडावी लागली असती. मोटर ओढेल अशी वीज मात्र टोकांच्याच खोल्यांत होती. नव्या जोडणीचा बहिणीचा अर्ज विजेच्या ऑफिसाने दोनदा फेटाळला होता. आजवर मशीन थोरल्याच्या लाइनवर चाललं, आणि आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही, असा त्याचा पक्का समज होता.

त्याची मागणी सरळ होती. कामाचे दिवस सहा. तो थोरला, म्हणून तीन दिवस मशीनवर त्याच्या वह्या कापल्या जाणार. उरलेले तीन त्या दोघांनी एकमेकांच्या झिंज्या उपटत वाटून घ्यावेत.

दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मोटर पुन्हा घरघरली. धाकट्याने आपल्या भिंतीतून लाइन दिली होती, आणि तीही आठवड्यातून फक्त अर्धा दिवस मशीन मिळण्याच्या बोलीवर!

थोरला तडक धाकट्याकडे गेला. "अरे गाढवा, आपण दोघांनी वीज तोडली तर ती बसेल माश्या मारत. झक मारत अर्धा आठवडा सोडेल. दीड दिवस तुझा, दीड माझा."

"आपण दोघं?" धाकटा खळ ढवळत म्हणाला. मान वर केली नाही त्याने. "शाळेचं गिऱ्हाईक माझ्या दारातून ओढून नेलंस, तेव्हा आठवले नाहीत का आपण दोघं? उद्या मी तोडीन आणि परवा तू गुपचूप जोडशील. ओळखून आहे मी तुला. नीघ!"

घरी बायकोने ताट आदळलं. "चारशे वह्या कडा न कापता पडल्यात. नाक धरून बसा आता."

शेवटी थोरला बहिणीच्या दारात उभा राहिला. आत यायलाही त्याला लाज वाटत होती. "धाकट्याला हाकल," तो म्हणाला. "माझी लाइन घे. मला पाव दिवस दिलास तरी चालेल."

तिने मशीन थांबवलं आणि धाकट्याला हाक मारली. तो आला तशी कापलेल्या कागदाच्या कातरणीतून सहा चिठ्ठ्या घेऊन तिने प्रत्येकीवर तिघांचा एकेक क्रम लिहिला आणि त्या टेबलावर मांडल्या.

"समजा, आपण एकेक करून या खोलीत येतोय. ज्याच्या येण्याने मशीन सुरू होईल, दिवस त्याचा. येण्याचे क्रम सहाच होतात, दिवसही सहाच. दादा आधी आणि मग मी, किंवा तुम्ही दोघं आधी आणि शेवटी मी: सुरू माझ्यामुळे. धाकटा पहिला आला तरी दोन्ही वेळा तेच. झाले चार. मी पहिली आणि पाठोपाठ दादा, तर दिवस दादाचा. माझ्यापाठोपाठ धाकटा, तर त्याचा. चार, एक, एक."

"मी थोरला असून एक?"

"थोरलेपणावर मोटर फिरत नाही, दादा."

"उपकार करतेस?"

"उपकार करायचे असते तर दोन दिले असते. उट्टं काढायचं असतं तर पाव दिवसावर सही घेतली असती. तू आपल्या तोंडाने बोलून बसलायस." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. "दोन्ही लाइनी जोडलेल्या राहतील. जो उपटेल, त्याचा दिवस दुसऱ्याचा."

"माझा अर्ध्याचा एक झाला, मला मान्य," धाकटा म्हणाला.

"लाचार कुठला!" थोरल्याने चिठ्ठ्या मुठीत चुरगाळल्या, पण टाकल्या नाहीत. खिशात घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा निवला तरी तो त्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा मांडत होता. तिघांना उलटंसुलटं करून पाहिलं. स्वतःला पहिलं घातलं, शेवटी घातलं. शेवटी घातलं की खोलीत मशीन आधीच चालू असायचं आणि त्याच्या येण्याने काही म्हणजे काही होत नव्हतं. त्या दोन चिठ्ठ्यांकडे तो बराच वेळ बघत बसला.

"निघाली का चूक?" बायकोने विचारलं.

"अक्षर घाणेरडं आहे तिचं," तो म्हणाला आणि पेचकस घेऊन वायर जोडायला गेला.

त्याच्या वाट्याला मंगळवार आला. बहीण दिवसभर मशीनशेजारी उभी राहिली.

"आज माझा दिवस आहे. बाहेर हो."

"दिवस तुझा. ब्लेड माझं."

गठ्ठा तिरका बसला की ती तळहाताने ठोकून सरळ करी. तो आभार मानत नव्हता, ती वाट बघत नव्हती. संध्याकाळपर्यंत अडीचशे वह्या निघाल्या. दीडशे राहिल्या, आणि शाळेला त्या शुक्रवारी हव्या होत्या.

"तुझ्या दिवसात कापून देशील?" त्याने भिंतीकडे बघत विचारलं. "काय घेशील?"

"बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून घेते तेच."

थोरल्याने तिला दोन शिव्या हासडल्या आणि उरलेले गठ्ठे एकेक करून तिच्या कपाटापाशी रचून ठेवले.