कर्ता नसलेली वाक्यं

"वाचून डोळ्यांत पाणी आलं माझ्या," भाषेच्या बाई म्हणाल्या, "पण हा दावा नाही."

तिने मान खाली घातली. रविवारच्या पदवीच्या वर्गात ती वयाने सगळ्यांत मोठी. आठवडाभर कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी शिवायच्या आणि रविवारी या पोरासोरांत येऊन बसायचं. बाईंनी सांगितलं होतं, एखादं भाषण निवडा; ते ऐकणाऱ्याचं काय करतं ते एका वाक्यात मांडा आणि भाषणातल्याच शब्दांनी सिद्ध करा. तिने निवडलं ते नवऱ्याच्या शोकसभेतलं. गोदामातल्या मालाच्या लिफ्टची तार तुटली आणि तो खाली दबला. त्या सभेत गोदामाचे मालक बोलले, ते सासऱ्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवलं होतं.

'हे भाषण अतिशय हृदयस्पर्शी आहे,' असं तिने लिहिलं होतं.

"यावर कोण भांडेल तुमच्याशी? कोणी भांडू शकत नसेल तर तो दावा कसला?" बाई म्हणाल्या. "एकेक वाक्य घ्या. त्याला विचारा, हे कोणी केलं?"

घरी तिने भाषण थांबवत थांबवत कागदावर उतरवलं आणि पेन्सिल घेऊन बसली. तार तुटली. दुर्घटना घडली. दुरुस्ती राहून गेली. तिने पुन्हा वाचलं. सगळं आपलं आपणच झालेलं! जेवताना नवरा कितीदा म्हणायचा, "तार झिजलीय. वर सांगितलं की 'बघू' म्हणतात." तो 'बघू' म्हणणारा माणूस या भाषणात कुठेच नव्हता.

मग ते वाक्य आलं. 'कामाची त्याला इतकी ओढ, की थांबणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशीही तो थांबला नाही.' किती जणांना तिने ते अभिमानाने ऐकवलं होतं! मुलीला तर पाठ होतं. त्या अपघातात स्वतःहून काहीतरी करणारा माणूस भाषणभर एकच होता, आणि तो मेलेला होता. कौतुक करता करता मालकांनी सगळं त्याच्यावरच ढकललं होतं, आणि ती समोर बसून डोळे पुसत होती!

पुढच्या रविवारी तिने बाईंपुढे पानंच्या पानं ठेवली. बाईंनी ती शांतपणे वाचली.

"राग खरा आहे. पण 'मालक कपटी आहे' हे कसं दाखवाल? त्यांच्या मनात शिरून आलात का?"

"मग सोडून देऊ?"

"मुळीच नाही. कागदावर आहे तेवढंच घट्ट धरा. ते त्यांना नाकारता येणार नाही."

खोडून, फाडून, पुन्हा लिहून शेवटी एक वाक्य उभं राहिलं: 'मालक स्वतःच्या हलगर्जीपणाला कर्ता ठेवत नाहीत आणि मृताची स्तुती करताना त्यालाच कर्ता करतात, त्यामुळे हळहळणारा श्रोता नकळत मृतालाच दोषी धरतो.'

सासऱ्यांनी ते वाचायला घेतलं आणि कागद टेबलावर आपटला.

"पोरगा गेला. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द उरले होते, तेही खरवडून काढलेस?"

"मी नाही काढले, बाबा. ते चांगले नव्हतेच."

"एवढा मोठा माणूस खोटं रडेल?"

"रडले असतील खरं. पण दुरुस्ती कोणी राहू दिली? त्या भाषणात दाखवा मला."

ते मोबाइल घेऊन आत गेले. रात्री आतून तेच भाषण पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

त्याच महिन्यात गोदामातून बोलावणं आलं. नवी लिफ्ट बसवली होती, त्या लिफ्टला तिच्या नवऱ्याचं नाव देणार होते. जिने त्याला खाल्लं तिच्या जागी बसवलेल्या यंत्राला त्याचं नाव! ती जाणार नव्हती. सासरे इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले, तेव्हा तिचा नाइलाज झाला.

"वहिनी, शेवटी आभाराचे दोन शब्द बोला हं," व्यवस्थापक कानाशी येऊन सांगून गेला.

मालक बोलायला उठले. आवाज तसाच ओलसर. "आपल्या कुटुंबातला एक सदस्य आपण गमावला. दुर्दैवाने तेव्हा दुरुस्ती राहून गेली..."

"कोणी राहू दिली?"

तिने दचकून शेजारी पाहिलं. सासरे उभे होते. समोरच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"आजोबा, बसा ना," व्यवस्थापक धावला.

"बसतो. आधी सांगू दे त्यांना. राहून कशी गेली? पोरगा सांगत होता की!"

मागे उभ्या असलेल्या हमालांतून कोणीतरी म्हणालं, "सांगत होता. आमच्यासमोर." मालकांनी समोरच्या कागदावर पुढची ओळ शोधली, चष्मा सारखा केला, आणि नव्या लिफ्टला किती माल पेलतो ते सांगू लागले.

सासरे बसले नाहीत. ते रांगेतून बाहेर आले, तीही त्यांच्यामागे निघाली. आभाराचे शब्द कोणी मागितले नाहीत. फाटकापाशी त्यांना घेऊन आलेली गोदामाची गाडी उभी होती, पण चालकाने नजर दुसरीकडे वळवली.

रस्त्यावर ऊन होतं. सासऱ्यांचा गुडघा दुखत असणार, ते पाय ओढत होते.

"थोडं टेकू या का कुठे?" तिने विचारलं.

"नको," ते म्हणाले. "या भिंतीला तर नकोच."

गोदामाची भिंत लांबच लांब होती. ती संपेपर्यंत दोघं थांबली नाहीत.