उभ्या गाडीतला प्रवास

"दारं लावा. निघालो आपण," सून म्हणाली.

निघालं कुणीच नव्हतं. गाडी इमारतीच्या मागच्या अंगणात, भिंतीकडे तोंड करून, रोजच्याच जागी उभी होती. इंजिन बंद. पोरगा स्टिअरिंग असं धरून बसला होता, की सोडलं तर ते पळूनच जाईल. त्याच्या शेजारी सून, मांडीवर खाऊची पिशवी. मागे दोन नातवंडं, थोरली मुंगी आणि धाकटा बोका. आणि डाव्या खिडकीशी आबा.

"भिंत जरा सांभाळून घे रे," आबा पोराला म्हणाले. "समोरून येतीय."

मुंगी हसली. सून हसली नाही.

ही तालीम सुनेच्या डोक्यातून निघालेली. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, आणि कुठलीही गोष्ट आधी करून बघितली की नीट पार पडते, अशी तिची ठाम समजूत होती. गेल्या वर्षी हे चौघं डोंगरावरच्या तळ्याला निघाले होते. बोक्याने उतरायचा हट्ट धरला, मुंगी आईच्या अंगावर ओकली, नवराबायकोची जुंपली, आणि घाटाच्या पायथ्यावरूनच गाडी मागे फिरली. तळं बघायला निघालेली माणसं एकमेकांची तोंडंही न बघता घरी आली.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही, असं सुनेने मनावर घेतलं होतं. कोण कुणाशेजारी बसणार, काय खायचं, किती वेळाने खायचं, सगळं ठरलं होतं. अडचण फक्त घाटाची. एकदा आत शिरलं की वर पोचेपर्यंत गाडी थांबवायला जागा नाही. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, मागे ट्रकची रांग. दीड तास. म्हणून रविवारी दुपारी सगळ्यांनी दीड तास बंद गाडीत बसून बघायचं.

आबांनी ही कल्पना ऐकताच हिणवली होती. त्याच घाटातून त्यांनी उभी हयात बस चालवली होती. डेपोत त्यांना 'दगड' म्हणत, कारण घाटात शिरले की ते कुणासाठीही थांबत नसत. एकदा एक बाई कडेवरचं पोर घेऊन इंजिनापाशी येऊन रडकुंडीला आली, तेव्हा त्यांनी मागे वळूनही न बघता सांगितलं होतं, "ही बस आहे बाई, मोरी नाही." हा किस्सा ते अजून रंगवून सांगत. त्यांच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं, एक ड्रायव्हर आणि दुसरी प्रवासी. आणि प्रवासी म्हणजे पिशव्या, उलट्या, रडारड आणि "अहो, जरा थांबवा ना." आपल्याच घरात सगळे प्रवासी जन्माला यावेत, याचं त्यांना नवल वाटे. पोरगा विमा कचेरीत टेबलाशी बसे. त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको.

आदल्या दिवशी जेवताना सून म्हणाली होती, "कुणाला अगदीच अडलं तर उतरू देऊ. पुढच्या रविवारी परत बसून बघू."

"मग कसली तालीम? लाड झाले ते," आबा म्हणाले. "जो उतरेल तो घरी राहील. बोक्या, ऐकलंस ना?"

बोक्याने मान हलवली. पोरगा ताटात बघत जेवत राहिला. वडिलांसमोर त्याचं तोंड फक्त घासासाठी उघडे.

एवढं सगळं हिणवूनही आबांना जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, मनापासून जायचं होतं. त्या घाटाचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ होता, पण दरी त्यांनी कधी बघितली नव्हती. बघणार कधी? नजर रस्त्यावरून हलली की बस खाली. मागे बसलेले पिशवीवाले "अगंबाई, बघा तरी" म्हणून खिडकीशी गर्दी करत, आणि यांच्या वाट्याला पुढच्या ट्रकचा मागचा फळका. आता एकदा खिडकीशी बसून, हात मांडीवर ठेवून, आरामात खाली बघायचं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डावी खिडकी मात्र आधीच मागून घेतली होती, गुडघ्याचं निमित्त करून.

वरच्या गॅलरीतून शेजारीण वाकली. "कुठे निघालात सगळे?"

"तळ्याला," बोका ओरडला.

"मग गाडी का उभी?"

"ती मागून येणार आहे," आबा म्हणाले.

आबांचा होरा असा होता, की पाव तासात बोका चुळबुळेल, अर्ध्या तासात मुंगी रडेल, आणि सुनेची शाळा सुटेल. पण पोरं बसली. मुंगीने एक खेळ काढला. समोरच्या भिंतीकडे बघून ती म्हणायची, "आला बघ ट्रक," आणि बोका म्हणायचा, "त्यात मेंढ्या आहेत." पोरगासुद्धा हळूच स्टिअरिंग वळवू लागला. सुनेने ठरल्या वेळी बिस्किटं वाटली. अर्धा तास गेला, तासही गेला.

"आबा, तू तर रोज जायचास," बोका म्हणाला. "दरीत काय आहे?"

"दरीत दरी असते. गप बस."

ते जरा तोडूनच बोलले, कारण त्यांच्या ओटीपोटात केव्हापासून कळ यायला लागली होती. दुपारचा दोन कप चहा. अलीकडे हे असंच व्हायचं. घरात असलं की कुणाला कळत नसे, मोरी चार पावलांवर होती. त्यांनी पाय जुळवले. मग पायावर पाय टाकला. मग भिंतीवरच्या विटा मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या. मुंगीचं कोपर लागलं तर तिच्यावर डाफरले.

"मागचं चाक बसल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "बघून येतो जरा."

"आबा, घाटात चाक बघायला उतरता येत नाही," सून म्हणाली. तिने हे मुद्दाम म्हटलं नव्हतं. शाळेत म्हणतात तसं म्हटलं.

"चाक फुटलं तर घाटातही उतरावं लागतं. तुला काय ठाऊक?"

"चाक ठीक आहे आबा," पोरगा म्हणाला. "सकाळीच हवा भरलीय." एरवी मिटलेलं त्याचं तोंड नेमकं नको तिथे उघडलं.

आबांनी खिडकीची कड घट्ट धरली. कपाळाला घाम सुटला. पोरगा आरशातून त्यांच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात दया होती. ती त्यांना ओटीपोटातल्या कळेपेक्षा जास्त झोंबली. आणखी थोडा वेळ त्यांनी दात आवळून काढला. मग दार उघडून उतरले आणि ताठ मानेने, पण भराभरा, जिन्याकडे निघाले.

परत आले तेव्हा कुणीही गाडीतून उतरलेलं नव्हतं. दारं बंदच होती. वेळ अजून भरायचा होता, आणि पोरं भिंतीकडे बघत बसली होती.

"आबा उतरला," बोका म्हणाला. चिडवत नव्हता, पाऊस आला म्हणावं तसं म्हणाला.

"बोका, गप्प," सून म्हणाली.

"पण आबाच म्हणाला होता ना."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आबांनी गाडीच्या टपावर बोट फिरवून धूळ बघितली. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले, आणि वर गेले.

संध्याकाळी पोरगा त्यांच्या खोलीच्या दारात येऊन घुटमळला.

"आबा, सोपं आहे. एक बाटली ठेवू. रुंद तोंडाची. वर चादर घ्यायची, कुणाला कळणारही नाही."

"कुणाला म्हणजे कुणाला? तुझ्या बायकोला? पोरीला?"

"घरचेच आहोत ना."

"मला जायचंच नव्हतं मुळात. तुमच्या पिशव्या मांडीवर घेऊन काय बघायचं त्या घाटात? कातळ? जन्मभर बघितला." मग तो हलत नाही असं बघून म्हणाले, "जा. आणि ती असली बाटलीबिटली सुचत असेल, तर तुझ्या कचेरीतल्या साहेबाला सुचव."

पोरगा गेला. आबांनी दिवा लावला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी खाली होते. तेल बघितलं, पाणी बघितलं, चारी चाकांना लाथ मारली. पिशव्या ठेवताना पोराला म्हणाले, "बाजूला हो, हमालाला हसवशील," आणि सामान स्वतः लावलं. सून दोन दिवसांचं जेवण कुठे ठेवलंय ते सांगत होती. ती मध्येच थांबली. "आबा, या ना. बघू आपण काहीतरी."

"उशीर करू नकोस. ऊन व्हायच्या आत घाट चढायला हवा."

मग त्यांनी मुंगीला दंडाला धरून डाव्या खिडकीशी बसवलं.

"दरी इकडून दिसते. आईने बिस्किटं दिली तरी तेव्हा खायची नाहीत. बघायचं."

"कशी असते आबा?"

"मला काय विचारतेस? मी रस्ता बघत होतो."

मुंगीला ते नीट कळलं नाही. तिने काच खाली केली.

फाटकातून गाडी मागे घ्यायची होती. आबा मागे जाऊन उभे राहिले आणि हाताने खुणा करू लागले. येऊ दे. येऊ दे. जरा उजवीकडे. उजवी म्हणतोय रे, डावी नव्हे. गाडी रस्त्यावर आली, सरळ झाली, तेव्हा त्यांनी मागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. वाहक मारतात तशा. जन्मभर ती थाप त्यांनी आतून ऐकली होती.

गाडी निघाली. चढावर पोराने गिअर बदलायला उशीर केला आणि इंजिन कण्हलं.

"गाढव," आबा म्हणाले. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ते फाटकाशी उभे राहिले. मग फाटक लावून घेतलं.