दोनदा उमटलेला आकडा

सातचा आकडा जरा डावीकडे कललेला होता. भिंगाखाली तर तो कमरेत वाकल्यासारखाच दिसत होता... सासऱ्यांचा, थाद्देऊसबाबांचा, सात नेहमीच असा, हे नोटबुर्गाला तीस वर्षांपासून पाठ. तिने फडक्याने तो पोलादी ठोकळा पुन्हा पुसला — नळी आणि लाकूड बसलं की याचीच बंदूक व्हायची — आणि पुन्हा वाचलं. चार, चार, एक, सात. मग जरा वेळापूर्वी चिठ्ठी बांधून बाजूला ठेवलेला दुसरा ठोकळा उचलला. चार, चार, एक, सात.

वहीत मात्र तिच्याच अक्षरात ४४१७ आणि त्याच्या खाली ४४१८ होते. चव्वेचाळीसशे अठरा अशी वस्तूच घरात नव्हती, आणि उद्या सकाळी दोन्हींचे कागद गावातल्या बंदुकांच्या चाचणीघरात पोचायचे होते.

तशी मी सुखी बाई आहे, तिच्या मनात आलं. दुपारची ही वेळ, शेगडीची ऊब, तेलाच्या वासात मिसळलेला कॉफीचा वास, खिडकीबाहेर पांढरे झालेले डोंगर, आणि समोर ही वही... एकेका नळीला, एकेका ठोकळ्याला नंबर, आणि नंबरासमोर तो कुठून आला, कुठे गेला. या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक सरळ रेघ, तारीख, कारण आणि चुकणाऱ्याचं नाव. सासूबाईंच्या पानांवर अशा रेघाच रेघा. माझ्या तीस वर्षांत एकही नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवतही नाही.

रेघ मारायला तिने पट्टी घेतली, आणि नावाच्या रकान्यापाशी हात थांबला.

नंबर ठोकायचा मान घरात एकट्या बाबांचा. तिने वहीतून आकडा पुकारायचा, त्यांनी एकेका घावात एकेक ठसा उमटवायचा, मध्ये कुणी बोलायचं नाही. नाताळात ब्लाझिउस, तिचा नवरा, हळूच म्हणाला होता, "बाबा शहात्तरचे झाले, बुर्गी. आता एक चूक, एकच, की ठसे मी माझ्याकडे घेणार." त्यात हाव नव्हती, नुसती काळजी होती, म्हणून तर त्याच्याशी भांडताही येईना. पण ठसे गेले की बाबांना सकाळी उठायला कारण काय उरणार?

गुरुवारी... हा नंबर ठोकला त्या गुरुवारी चुलीवर जर्दाळू भरलेले पिठाचे गोळे उकळत होते, तिने स्वयंपाकघराच्या दारातूनच आकडा पुकारला होता — वही हातात होती का? की टेबलावर मिटून पडली होती? सतरा म्हटलं की अठरा? तिला फक्त पाण्याचा खदखदाट आठवत होता.

तेवढ्यात बाबाच आत आले. त्यांनी मनुकांचा केक कापायला सुरी घेतली.

"बाबा, गुरुवारचा तो ठोकळा..."

सुरी खाली ठेवून ते खुर्चीत बसले. "दोनदा सतरा," ते म्हणाले. "त्याच संध्याकाळी दिसलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ब्लाझिउसचं खरं आहे, असं? चार दिवस झाले, पहाटे उठून सगळ्या भावंडांचे वाढदिवस आठवून बघतोय. आठवतात गं सगळे. तरी हे हातून कसं झालं, तेच कळत नाही."

एवढी मोठी हाडं त्या माणसाची, आणि खुर्चीत किती थोडे उरले होते ते.

"तुमच्या हातून नाही झालं," ती म्हणाली. "मी सतराच पुकारलं. दारातून, वही न बघता."

"माझी समजूत काढतेस?"

"गोळे फुटायला लागले होते, बाबा. माझं लक्ष कुठे होतं!"

"म्हणजे मी ऐकलं ते बरोबर ऐकलं," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा तेच म्हणाले. मग केकचा जाडजूड तुकडा कापून घेतला. "लिही मग. पहिलीच ना गं तुझी?"

"पहिलीच."

"बरं झालं. फार तोरा होता तुला."

ते हसत आत गेले. मागच्या खोलीतून ब्लाझिउसच्या कानशीचा आवाज येत होता. त्याला काय वाटेल ते जेवताना कळेलच.

तिने रेघ मारली. सरळ आली. तारीख, कारण, आणि मग आपलं पूर्ण नाव, एकेक अक्षर सावकाश. शाई वाळेपर्यंत ती गुरुवारचा आपला आवाज ऐकायचा प्रयत्न करत बसली — एकदा सतरा ऐकू आलं, एकदा अठरा, दोन्ही वेळा आवाज तिचाच होता. ही माझी पहिली चूक असेल, नाहीतर या वहीतलं माझं पहिलं खोटं... आणि तीस वर्षं एकेक आकडा ताडून बघणाऱ्या मला, यांतलं खरं कुठलं ते ताडून बघावंसंच वाटत नव्हतं.