डाव्या पायाची साक्ष

"साहेबांचा सेवा क्रमांक सांगा, आजी," खिडकीमागचा कारकून म्हणाला.

"साहेब बँकेत होते," मी म्हणाले. "सैन्यात मी होते."

त्यानं मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या सुनेकडे. म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे तिनं खुणेनं सांगावं अशी त्याची अपेक्षा असावी. सून हसली. ती कुणाकडेही बघून हसते, तो तिचा स्वभाव आहे. कारकुनानं त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला आणि "दिवंगत सैनिकाची पत्नी" या चौकोनात खूण करून मोकळा झाला. मी ती त्याच्याकडून खोडून घेतली. माझे यजमान देवमाणूस होते, पण बंदूक सोडाच, उंदराचा पिंजरा लावायचा झाला तरी ते मलाच हाक मारायचे.

गोष्ट पदकाची होती. डोंगरातली ती लढाई लोक विसरूनही गेल्यावर सरकारला जाग आली, आणि त्या हिवाळ्यात आघाडीवर ज्यांनी ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांना सेवापदक द्यायचं ठरलं. सगळ्यांना म्हणजे स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि आम्ही नर्ससुद्धा. मी तंबूतल्या इस्पितळात होते. मुलानं बातमी वाचून दाखवली तेव्हा मी म्हणाले, या वयात बिल्ला लावून कुठे मिरवू? पण सुनेनं हट्ट धरला, आणि पडत्या फळाची आज्ञा समजून मी लगेच साडी बदलून तयार झाले.

खरी आग लागली ती कचेरीचं उत्तर आल्यावर. इस्पितळाचे कागद कुठल्याशा तळघरात ओल लागून कुजले होते. त्यामुळे "अर्जदार सदर ठिकाणी हजर असल्याची नोंद आढळत नाही." त्या वेळी तिथं असलेल्या कुणाची तरी स्वतःच्या हातानं लिहिलेली साक्ष महिनाअखेरपर्यंत आणा, नाहीतर अर्ज निकालात काढू. वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. पदक गेलं खड्ड्यात. पण मी तिथं नव्हतेच?

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सैन्यात होतीस ते ठीक आहे, पण परक्या पुरुषांची अंगं पुसलीस हे चारचौघांत बोलू नकोस." त्या काही वाईट नव्हत्या. मी बोलले नाही. पुढे न बोलण्याची सवयच लागली. मुलगा झाला, यजमानांच्या बदल्या झाल्या, आणि बघता बघता मी सगळ्यांसाठी बँकवाल्यांची बायको झाले. आता सरकारही सासूबाईंच्या बाजूनं झालं होतं.

त्या दिवसापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठे जायचं ते कळेना. मी कपाटं उपसली. उपसलेली परत लावली. ती मनासारखी लागली नाहीत म्हणून पुन्हा उपसली. चिरंजीव सुट्टीचे पलंगावर लोळत होते, त्यांना उठवून चादरीचे कोपरे इस्पितळातल्यासारखे ताणून बसवले.

"आई, तू तिथे होतीस हे आम्हाला माहीत आहे ना?" तो वैतागून म्हणाला. "मग झालं तर."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

"मग झालं कुठे?" मी म्हणाले आणि त्याची उशी ओढून घेतली.

साक्ष आणायची तरी कुणाची? माझ्याबरोबरच्या दोघी गेल्या. सर्जन त्यांच्याही आधी गेले. तिसरी आहे, पण तिला आता पोटची मुलगीही ओळखू येत नाही. राहिले जखमी, आणि त्यांची नावं आम्हाला कुठे माहीत असायची! नाव गळ्यातल्या चकतीवर, आणि ते टिपून घ्यायचं काम दुसऱ्याचं. आमच्यासाठी कुणी 'पोट' होतं, कुणी 'डोळा', कुणी 'उजवा खांदा'. पोटाला पाणी देऊ नकोस गं, खांद्याला ताप भरलाय, अशी आमची भाषा. आता 'पोट' कुठे राहतं म्हणून कुणाला विचारणार?

सुनेनं मात्र फोन हातात घेतला आणि माजी सैनिकांच्या संघटनांचा पिच्छाच पुरवला. दिसायला गरीब गाय, पण एकदा मागे लागली की समोरचा शरण येतो. मी तिच्याभोवती येरझाऱ्या घालत होते. "आई, तुम्ही बसता का जरा? मला चक्कर येते," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले.

बाहेर आले तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "एक जण आहेत. त्या हिवाळ्यात तुमच्याच इस्पितळात होते. इथेच चाव्या बनवायचं दुकान आहे त्यांचं. पण सेक्रेटरी म्हणाले, जाऊ नका. तिथल्या एका सिस्टरला ते अजून दर मेळाव्यात शिव्या घालतात."

"कुठला पाय?" मी विचारलं.

"काय?"

"त्यांना एक पाय नाही ना? कुठला?"

"डावा. पण तुम्हाला कसं..."

मी चपला शोधायला लागले होते.

बसमध्ये तिला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतंच, फक्त कुणी विचारलं नव्हतं. त्याला आणलं तेव्हा पाय गुडघ्याखाली काळा पडला होता आणि विष वर चढत होतं. वय कोवळं, नुकती मिसरूड फुटलेली. सगळ्या तंबूला ऐकू जाईल असा ओरडत होता, मरेन पण पाय देणार नाही. भूल द्यायची तर माणूस स्थिर हवा, आणि हा कुणाला अंगाला हात लावू देईना. आम्हा नर्सचं टेबलाशी एक काम असायचं, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. जो जे मागेल त्याला हो म्हणायचं. आई आली का? आली, बाहेर बसलीय. माझा दोस्त वाचला का? वाचला. भूल चढेपर्यंत हो म्हणत राहायचं. मी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "मी इथे उभी आहे, कापू देणार नाही." त्यानं विश्वास ठेवला आणि गप्प झाला. शुद्धीवर आला तेव्हा चादर एका बाजूला सपाट होती.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" सुनेनं विचारलं.

"वाटायला वेळ कुठे होता? पुढचा टेबलावर आला होता."

मी स्टॉपच्या बऱ्याच आधी उठून दाराशी उभी राहिले.

दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट होती. भिंतभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, काउंटरवर चावी घासायचं यंत्र, सगळीकडे पितळेचा कीस. मालक उंच स्टुलावर बसला होता. बनावट पाय काढून त्यानं कोपऱ्यात उभा केला होता, मोजा आणि बूट घातलेला. डोक्यावर एकही केस नव्हता. रस्त्यात भेटला असता तर मी ओळखला नसता.

"कसली चावी?" त्यानं वर न बघता विचारलं.

"चावी नको. साक्ष हवी आहे."

त्यानं यंत्र बंद केलं. वर पाहिलं नाही, नुसतं ऐकत असल्यासारखा बसला. "आणखी बोला," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"पुरे. हा आवाज मी कुठेही ओळखेन."

सुनेचा चेहरा खुलला. बिचारीला वाटलं, काम झालं.

"हाच आवाज म्हणाला होता, कापू देणार नाही," तो म्हणाला, आणि मग त्याचा बांध फुटला. कुलूप घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक दारातच थबकलं. विश्वासघातकी, दगाबाज, आणखी बरंच काही. मी ऐकून घेतलं. मलमपट्टी करताना मी याहून वाईट शिव्या खाल्ल्या आहेत, आणि त्याही चांगल्या घरच्या मुलांच्या. त्याला दम लागला तेव्हा सुनेनं कचेरीचं पत्र हळूच पुढे सरकवलं. त्यानं ते चष्मा लावून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"नोंद आढळत नाही?" तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही तिथे नव्हताच?"

"कागदोपत्री नव्हते."

"मग माझा पाय कुणी कापला? कुत्र्यांनी नेला?"

"तेच तुम्ही लिहून द्यायचंय," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं त्याच्या मनात आलं असणार. माझ्याही मनात त्याच्याबद्दल तेच आलं. "माफी मागा," तो म्हणाला. "मोठ्यानं. या गिऱ्हाइकासमोर. मग काय हवं ते लिहून देतो."

सुनेनं मला कोपरानं ढोसलं. "एक शब्द तर आहे, आई," ती कुजबुजली.

एकच शब्द होता, खरं आहे. बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तरी आपण तो म्हणतो. त्या फटीत येरझाऱ्या घालायलाही जागा नव्हती, नाहीतर मी घातल्या असत्या. मला तो कागद हवा होता. तो मिळाला नसता तर सगळा हिवाळा, ती थंडी, ती डोकी हातात धरलेली, सगळं मी स्वप्नात पाहिल्यासारखं झालं असतं. शब्द जिभेवर आला आणि मी गिळला.

"नाही," मी म्हणाले. "तुम्हाला गप्प करायला एकदा खोटं बोलले. आता सहीसाठी दुसऱ्यांदा नाही बोलणार. तसाच पाय घेऊन उद्या आलात, तर पुन्हा तेच सांगेन आणि पुन्हा कापू देईन."

सुनेनं कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता हा काहीतरी फेकून मारणार. त्यानं फेकलं नाही. बराच वेळ काउंटरवरचा कीस नखानं एका बाजूला लोटत राहिला.

"पाय कुठे टाकलात?" त्यानं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. "ज्याला त्याला विचारलं मी. एक म्हणाला, इतमामानं पुरला. एक म्हणाला, झाडाखाली आहे. तिथे एक झाड नव्हतं."

झाडाखाली म्हणायचा मोह मलाही झाला. "तंबूच्या मागे खड्डा होता," मी म्हणाले. "बाकीच्यांच्या बरोबर. रॉकेल ओतून जाळायचे. तुमचा मीच नेला, चादरीत गुंडाळून. सूज इतकी होती की बूट निघाला नव्हता, बुटासकट गेला. जड होता. बर्फात घसरून मी पडले त्याला घेऊन."

"नाडीला गाठ मारली होती मी," तो म्हणाला. "सुटू नये म्हणून."

"नाही सुटली."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गिऱ्हाइकाला म्हणाला, "उद्या या." मग माझ्याकडे पेन मागितलं आणि लिहायला बसला. मोठमोठी अक्षरं काढत होता, मध्येच थांबत होता. लिहून झाल्यावर खाली आपला सेवा क्रमांक घातला, सही केली आणि कागद मला न देता सुनेकडे दिला.

गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन सुनेनं तो वाचला आणि तिचं तोंडच उतरलं. मी कागद हिसकावून घेतला. लिहिलं होतं: "या बाई त्या हिवाळ्यात त्या इस्पितळात होत्या. माझ्याशी धडधडीत खोटं बोलून त्यांनी माझा डावा पाय कापू दिला. पाय जाळायला त्यांनीच नेला. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणार नाही."

"हे कसं द्यायचं, आई?" सून म्हणाली. "पदकाच्या अर्जाला कुणी शिव्या जोडतं का? चला, परत जाऊ. निदान शेवटचं वाक्य काढायला सांगू. मी सांगते, तुम्ही नका बोलू."

"खबरदार," मी म्हणाले. "एका अक्षराला हात लावायचा नाही."

"पण का?"

"अगं, जी बाई तिथे नव्हतीच, तिच्यावर कुणी जन्मभर रागावून बसेल का?"

घर मला विसरलं होतं, सरकार विसरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही हळूहळू विसरत चालले होते. तो विसरला नव्हता. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. मला कधी नव्हे इतका आनंद झाला होता.

सून माझ्याशेजारी टेकली. थोड्या वेळानं घड्याळात बघून म्हणाली, "आई, उठायचं का? कचेरी बंद होईल."

"होऊ दे," मी म्हणाले. "मला जरा बसू दे."